कोण कोणासाठी उठतं

पायावर गरम चहा सांडला तेव्हा यशोधराला कळलं की आपण उभ्या आहोत. उठायचं असं तिने ठरवलं नव्हतं. उलट आज काही झालं तरी खुर्ची सोडायची नाही, असं सकाळपासून मनाशी घोकलं होतं. आणि दारात पांढरे बूट दिसल्याबरोबर गुडघ्यांनी तिला न विचारताच परस्पर कारभार उरकला. स्टाफरूममधले सगळेच उभे होते. दारात विजयसिंह होता, संस्थेच्या अध्यक्षांचा धाकटा मुलगा, वय असेल सव्वीस-सत्तावीस, मागे दोन पोरं आणि त्यांच्या मागे अत्तराचा वास. त्याचं इथे कोणाशी काम नव्हतं. ‘सर कुठं हायेत?’ एवढं त्याने हवेला विचारलं, ‘केबिनमध्ये, भैयासाहेब’ असं चारपाच गळ्यांनी एकदम सांगितलं आणि तो गेला. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. ती उठली काय आणि न उठली काय, त्याच्या ते खिजगणतीत नव्हतं, आणि हेच तिला जास्त झोंबलं. निदान त्याने बघून घेतलं असतं, मोजलं असतं, तर आपण कोणाच्या तरी भीतीने उठलो असं म्हणता आलं असतं. हे म्हणजे नुसतं सवयीने. खुर्च्या करकरत पुन्हा भरल्या. साडीच्या निऱ्यांवर चहाचा डाग पसरत होता आणि ती अजून उभीच होती. इतिहासाचे गहिनीनाथ सर म्हणाले, ‘म्याडम, बसा आता, गेले ते.’ त्यात चेष्टा होती की माया, तिला ठरवता येईना. तिने पदराचं टोक पाण्यात बुडवून डाग घासायला घेतला, आणि घासताना तिच्या लक्षात आलं की आपण साडीवर नाही, स्वतःवर संतापलो आहोत.

कारण परवाच तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रयोगशाळेच्या खिडकीतून खालचं लिंबाचं झाड दिसतं. त्या झाडाखाली प्रयोगशाळेतले शिपाई, आश्रुबामामा, रोज फडकं सोडून भाकरी खायला बसतात. परवाही बसले होते. विजयसिंहची काळी गाडी आत आली, हॉर्न वाजला, आवारातली माणसं पटापट बाजूला होऊन उभी राहिली. मामा तेवढे बसून राहिले. एक पोरगा गाडीतून उतरून म्हणाला, ‘उठ बे, भैया आलेत.’ मामांनी तोंडातला घास गिळला आणि एवढंच म्हटलं, ‘जेवायलोय.’ यात उद्दामपणा नव्हता. या मुलखात कोणालाही विचारा, जेवत्या माणसाला उठवत नाहीत, जेवत्याला नमस्कारसुद्धा करत नाहीत. वैरी दारात आला तरी तो ओट्यावर टेकतो, आतल्याचं जेवण होईपर्यंत दम धरतो. मामांच्या लेखी तो विषयच तिथे संपला होता, म्हणून त्यांनी पुढचा घास मोडला. मग विजयसिंह उतरला. यशोधराला आठवत होता तो त्याचा चेहरा. त्यावर राग नव्हता. त्याने गॉगल काढून ड्रायव्हरच्या हातात दिला. मनगटातलं कडं वर सरकवलं. दुसरा पोरगा मोबाईल धरून दोन पावलं मागे सरला, म्हणजे सगळे नीट दिसावेत. मग विजयसिंहने वाकून, माप घेऊन, मामांच्या कानशिलात मारली. भाकरी मातीत पडली. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओचा तुकडा गाणं लावून सगळ्या गावाच्या मोबाईलवर फिरत होता, आणि खाली लोकांनी वाघाची चित्रं टाकली होती.

वाघाची! तिला हसूही येईना. प्राणिशास्त्र शिकवण्यात तिचं आयुष्य चाललं होतं आणि तिला ठाऊक होतं की वाघ असं काही करत नाही. चिंपांझी भडकतो, दात विचकतो, फांद्या मोडतो, त्याचं रक्त तापलेलं असतं. माणसाच्या जातीत हे तापणं लाखो वर्षांत कमी होत गेलं. म्हणून तर अनोळखी माणसांनी भरलेल्या एसटीत आपण एकमेकांचे कान न तोडता परळीपर्यंत जाऊ शकतो. पण त्याच वेळी दुसरं एक वाढत गेलं. आधी ठरवून, जोडीदार जमवून, थंड डोक्याने मारणं. गॉगल काढून देणं. ते मात्र आपलं, खास आपलं. त्याची जबाबदारी कुठल्याही जनावराच्या गळ्यात घालता येणार नाही. हे तिने वर्गात कितीदा सांगितलं होतं, फळ्यावर लिहिलं होतं, मुलांनी उतरवून घेतलं होतं. आणि हे सगळं शिकवणारी बाई त्या खिडकीत काय करत होती? हातात काचेची नळी धरून उभी होती. ओरडली नाही. खाली धावली नाही. गाडी गेल्यावर गेली, तेव्हा मामा मातीतली भाकरी उचलून झटकत होते आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘वर जावा म्याडम. उन्हात कशापायी आलाव?’

आता चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या होत्या. चहा सांडल्यावर घटकाभरातच प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. शिवशंकर सर तसे भले गृहस्थ, कोणाचं वाईट चिंतणार नाहीत आणि कोणाचं चांगलं करायला जाणार नाहीत. ते म्हणाले, ‘म्याडम, उद्या मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळे थांबा. भैयासाहेब येणार आहेत. आश्रुबा त्यांच्या पाया पडेल, चुकलं म्हणेल, संपला विषय.’

‘कोणी कोणाची माफी मागायची, सर?’

‘ते तुम्ही मला विचारू नका. नाही मागितली तर निलंबन. निवृत्तीला आलेला माणूस, त्याचं वाटोळं व्हावं असं मला वाटतं का? आणि तुम्ही विभागप्रमुख. त्याने शिवी दिली एवढं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की झालं.’

‘शिवी दिली नाही त्यांनी. मी खिडकीत होते.’

शिवशंकर सरांनी पेपरवेट फिरवला. ‘ऊन असतं हो त्या खिडकीत दुपारचं. नीट दिसत नाही.’

ती ‘बघू’ म्हणाली. बघू! बाहेर आल्यावर तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. त्या खिडकीला दुपारी लिंबाची सावली असते, हे तिला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं.

तासाला ती वर्गात गेली आणि योगायोग म्हणा की नशिबाची थट्टा, शिकवायचं होतं ते कळपातली उतरंड हेच. मुलं समोर बसली होती, निम्म्यांच्या मोबाईलवर तो तुकडा असणार. ती यंत्रासारखी बोलत राहिली आणि मन तिला उचलून शिवलेणीच्या मागच्या खडकांवर घेऊन गेलं. तरुणपणी पीएचडीसाठी तिने तिथल्या वानरांमागे उन्हाळेच्या उन्हाळे काढले होते. वानरांत मोठं कोण आणि लहान कोण हे ओळखायला मारामारी बघावी लागत नाही, मारामाऱ्या क्वचितच होतात. फक्त एकच बघायचं. सावलीत एक बसलेली आहे. दुसरी चालत येते. बसलेली उठते का? उठली तर ती लहान, येणारी मोठी. बस. कोण कोणासाठी उठतं, एवढ्यावर सगळी टोळी कागदावर मांडता येते. एक म्हातारी वानरीण होती, यशोधराने तिचं नाव वनमाला ठेवलं होतं. ती सगळ्यांसाठी उठायची. काल वयात आलेल्या पोरींसाठीही उठायची, कोणी नुसतं त्या बाजूला तोंड केलं तरी उठायची. पुढे बाहेरून नवा हुप्प्या आला, त्याने जुन्या नराला हुसकावलं आणि टोळीतली तान्ही पिल्लं एकेक करून मारली. वानरांत हे घडतं. गावातले लोक त्याच हुप्प्यासमोर नारळ फोडत होते, मारुतीराय म्हणून त्याच्या पाया पडत होते, आणि पलीकडे वनमाला मेलेलं पिल्लू मांडीवर घेऊन बसली होती. सगळ्या टोळीवर रुबाब करणारी एक दांडगी मादी तिच्या सावलीकडे चालत आली. यशोधरा पेन सरसावून बसली होती, उत्तर ठरलेलंच होतं. वनमाला उठली नाही. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. येणारी थबकली, इकडेतिकडे बघितलं, अंग खाजवल्यासारखं केलं आणि दुसरीकडे जाऊन उन्हात बसली. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. गाईडनी तो प्रसंग वाचून लाल रेघ मारली होती: ‘अपवाद आहे. काढून टाका.’ आणि तिने काढून टाकला होता. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, ‘म्याडम, मग माणसाचं पण असंच असतंय का?’ तिच्या तोंडून निघून गेलं, ‘माणसाचं याहून वाईट असतं. माकड उठून गेलं की गेलं. त्याला परत बोलावून कोणी माफी मागायला लावत नाही.’ तेवढ्यात घंटा वाजली.

घाटनांदूरला आजी सांगायची ते तिला जिन्यावर आठवलं. भामाआजीच्या लहानपणी, वस्तीवरून मालकाची बैलगाडी निघाली की वस्तीतलं माणूस बाजेवरून उठायचं. आजारी असो, बाळंतीण असो, उठायचं. कोणी हुकूम द्यावा लागत नव्हता, दरडावावंही लागत नव्हतं. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की अंगच उठायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर आजोबा पहिल्यांदा बसून राहिले. अंगणात, बाजेवर, घुंगरं वाजत समोर येईपर्यंत आणि समोरून जाईपर्यंत. मालकाने त्यांना तिथेच कानावर मारलं. ‘त्या कानानं त्येला पुढं कधी आयकू आलं न्हाई,’ आजी सांगायची, ‘पण माजी बाय, उठला न्हाई तो. मरंस्तोवर उठला न्हाई कुनासाठी.’ आजी हे सांगताना रडायची नाही, तिच्या आवाजाला धार यायची. बळी तो कान पिळी म्हणतात. इथे तर पिळून बहिराच केला होता, आणि तरीही माणूस बसून राहिला होता. आणि त्याची नात, जिच्या नावामागे डॉक्टर लागतं, ती अत्तराचा वास आल्याबरोबर चहासकट उठते. कशाला उठते? तिच्या गुडघ्यांत लाखो वर्षांचं वानर बसलंय म्हणून, की फक्त घाटनांदूरची बैलगाडी अजून चालू आहे म्हणून? तिला वाटलं, यातलं पहिलं खरं असतं तर बरं झालं असतं. मग कोणाची चूक नसती. पण आजोबाही त्याच गुडघ्यांचे होते.

दुपारनंतर गहिनीनाथ सर तिच्या टेबलापाशी आले. दाराकडे बघून आवाज उतरवला. ‘मनावर घेऊ नका, म्याडम. तुमचाच विषय आहे. कळप आला की म्होरक्या आला. हा म्हणजे अल्फा. इतिहास उघडा, सगळीकडे हेच. निसर्गाचा नियम आहे, आपण कोण बदलणार?’

तिला संताप आला. आयुष्यभर उन्हातान्हात बसून जमवलेली विद्या या माणसाने उचलून त्या गॉगलवाल्याच्या बाजूने वकील म्हणून उभी केली होती. ‘सर,’ ती म्हणाली, ‘केनियात बबून माकडांची एक टोळी होती. तिच्यातले दांडगे नर रोज मारामाऱ्या करून उकिरड्यावर पहिला हक्क सांगायचे. तिथलं सडकं मांस खाऊन क्षयाने तेवढेच मेले. मागे राहिल्या माद्या आणि मवाळ नर. टोळी शांत झाली. मग बाहेरून नवे नर आले, दुसऱ्या टोळ्यांतून, दांडगाई शिकून आलेले. तेही काही महिन्यांत निवळले. कारण तिथे दांडगाईला कोणी उठून जागा देत नव्हतं. माकडं बदलली, सर. निसर्गाचा नियम माकडांना आडवा आला नाही, फक्त तुम्हाला येतोय.’

गहिनीनाथ सर वरमले, पण हसून म्हणाले, ‘अहो, त्या माकडांना घराचे हप्ते नव्हते.’  तिच्याही घराचे हप्ते होतेच.

प्रयोगशाळा बंद करायच्या वेळी मामा नळ्या धुवून उपड्या घालत होते. डावा कान अजून सुजलेला होता. ती म्हणाली, ‘मामा, उद्या तुम्ही काय करणार?’

‘काय करनार? पडतो पाया. इजू लहान व्हता तवा खांद्यावर घेऊन जत्रंत हिंडवलाय म्या त्येला. आबा आबा करायचा. भावकीतलाच हाय. घरचंच लेकरू म्हनायचं.’

‘घरच्या लेकराने मोबाईल लावून मारलं तुम्हाला.’

‘मंग काय करू? तुमी सांगा ना,’ मामा एकदम उसळले. ‘तुमी खिडकीत व्हताव. म्या वर बगितलं तवा दिसलाव. तुमी काय केलं? शिकलेल्या मानसानं लई बोलू नाय म्याडम. आज तुमी बी उठलाव म्हनं.’

तिच्या अंगाची लाही झाली. एक तर ते खरं होतं. आणि दुसरं, सांगणारा कोण? इतकी वर्षं तिच्या हाताखाली काम केलं, पण तिच्या बाटलीतलं पाणी या माणसाने कधी तोंडाला लावलं नव्हतं. ती डबा पुढे करायची तेव्हा ‘आज उपास हाय’ म्हणायचा. बारा महिने उपास. भावकीतला म्हणवणारा हा म्हातारा विजयसिंहच्या बुटाखाली होता आणि तिथूनच तिच्यापेक्षा बोटभर उंच बसला होता. सगळ्यांना आपल्या खाली कोणीतरी हवं असतं, म्हणून तर वरचा इतका निवांत असतो. हे तिला ओरडून सांगायचं होतं. पण मामांनी एक नळी पुन्हा पुन्हा धुतली, स्वच्छ असलेली. ती एवढंच म्हणाली, ‘हो. उठले.’ मग दोघांनी मिळून खिडक्या लावल्या.

सकाळी भाकऱ्या थापताना तिच्या हातून एक जास्त झाली. परातीत पीठच तेवढं भिजवलं गेलं होतं. मेथीची भाजी केली, शेंगदाण्याची चटणी भरली, कांदा फोडून घेतला. गुडघे तिला न विचारता उठतात, तसे हातही तिला न विचारता काहीतरी करत होते, आणि डबा भरून झाल्यावरच तिला ते कळलं. तेव्हा तिला भीती वाटली, चांगलीच. पण तिने भाकरी काढून ठेवली नाही.

मधल्या सुट्टीत स्टाफरूम भरली होती. लोक उगाच कपाटं उघडत होते, पुन्हा लावत होते. शिवशंकर सर मधोमध, हातात हात. मामा दाराशी, टोपी काढून, धुतलेल्या कपड्यांत. यशोधरा टेबलाशी बसली, डबा उघडला आणि मेथीचा वास सगळीकडे पसरला. तिने विचारलं, ‘मामा, जेवलात का?’

मामांनी नाही म्हणून मान हलवली. तीन दिवस धड जेवले नसणार.

‘या मग. बसा.’

‘म्याडम, ही वेळ आहे का?’ शिवशंकर सर पुटपुटले. तिने लक्ष दिलं नाही. शेजारची खुर्ची ओढली, झाकणात भाकरी ठेवली, वर भाजी, बाजूला चटणी. मामा झाकणाकडे बघत राहिले. त्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते तिने पाहिलं. त्यात विजयसिंह होता आणि तीही होती, तिची वस्ती होती, बारा महिन्यांचा उपास होता. ती मनात म्हणाली, आता जर हा माणूस उपास म्हणाला तर मी याच्यासाठी बोट उचलणार नाही. बाहेर हॉर्न वाजला. मामांनी टोपी डोक्यावर घातली, पुढे आले, खुर्चीत बसले आणि तिच्या हातची भाकरी मोडली.

अत्तराचा वास आधी आला. मग पांढरे बूट. खुर्च्या करकरल्या, सगळे उभे राहिले. यशोधराच्या गुडघ्यांना झटका बसला, अगदी कालच्यासारखा. तिने दोन्ही पावलं खुर्चीच्या पायांना आतून अडकवली आणि घास तोंडात घातला. 

‘म्याडम,’ शिवशंकर सरांचा आवाज चिरकला, ‘उठा ना. आश्रुबा, ऊठ रे.’

‘जेवतोय आम्ही,’ ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. ‘त्या दिवशीही हे जेवतच होते. शिवी दिली नाही. विजयसिंहांनी गॉगल काढून, मोबाईल लावून मारलं जेवत्या माणसाला. त्या खिडकीत ऊन नसतं, सर. सावली असते. मला नीट दिसलं.’

 मोबाईलवाल्या पोराने मोबाईल वर धरला होता. आता काय टिपायचं ते त्याला कळेना. विजयसिंहने कडं वर सरकवलं, आणि पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे पाहिलं, नीट, मोजून. आता पुढे काय काय होऊ शकतं ते सगळं त्या नजरेत होतं. तेवढ्यात मामांनी तोंडातला घास संपवला, भाजीने माखलेला हात तसाच ठेवून मान वर केली, आणि या मुलखात जेवताना दारात कोणीही आलं तर म्हणतात तेच म्हणाले, फक्त लहान पोराला म्हणावं तसं:

‘ये इजू. जेवायला ये.’

विजयसिंह दारातच राहिला. या वाक्याला उत्तर ठरलेलं असतं, ‘होऊ द्या तुमचं.’ ते लहानपणापासून त्याच्याही तोंडात बसलेलं असणार, कारण त्याचे ओठ हलल्यासारखे झाले, आणि मग त्याने ते घट्ट मिटले. टेबलाखाली यशोधराचे गुडघे थरथरत होते. तिने त्यांना थरथरू दिलं आणि भाकरीचा आणखी एक चतकोर मामांच्या पुढ्यात सरकवला.